कालिंदी मिस्त्री, एंटाली

"हे तुला जमायचं नाही" असं कुणी म्हटलं, की कालिंदीची हनुवटी आपोआप वर व्हायची. लहानपणापासूनची खोड. तिचे वडील, खांबेटे मास्तर, भवानीपूरच्या शाळेत बंगाली मुलांना गणित शिकवायचे. ते म्हणायचे, "ही हनुवटी एक दिवस हिला घराबाहेर काढणार."

आणि काढलंच. कलकत्त्याच्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका संध्याकाळी ऐन गाण्याच्या वेळी जनरेटर बंद पडला. मागच्या रांगेत बसलेला एक सावळा, उंच माणूस उठला, बाह्या सरसावून त्याच्याशी झटला आणि दिवे लागल्यावर काळे हात मागे लपवून पुन्हा जागेवर जाऊन बसला. तो मनोहर डुबल, मूळचा कराडचा. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये भरती झाला, पुढे फोर्ट विल्यमला आला आणि तिथून सुटल्यावर एंटालीत एक शेड घेऊन लिलावातल्या जुन्या जीपगाड्या दुरुस्त करायला लागला. त्या काळ्या हातांवर कालिंदीचं मन बसलं. खांबेट्यांच्या घरात रडारड झाली. जात आपली नव्हे, शिक्षण बेताचं, त्यात धंदा असा.

"बाबा," कालिंदी म्हणाली, "तुमच्या हाताला खडू लागतो, त्यांच्या हाताला ग्रीस. धुतलं की दोन्ही जातं."

लग्न रजिस्टर झालं. मास्तर आले नाहीत.

मनोहर भला माणूस होता, पण त्याचा एक नियम होता. घर गॅरेजच्या माळ्यावर, रस्त्यावर जायला मागचा जिना वेगळा, आणि मधला लाकडी जिना बाईमाणसानं शेवटच्या पायरीपर्यंतच उतरायचा. गॅरेजात शिव्या असतात, तेल सांडलेलं असतं, उघडी अंगं असतात. तिथे बाईचं काय काम? साऱ्या जगाशी भांडणाऱ्या कालिंदीनं ही एक गोष्ट वर्षानुवर्षं ऐकली. डबा शेवटच्या पायरीवर ठेवायची आणि परत फिरायची. मूलबाळ झालं नाही. दिवसभर खालचा आवाज वर यायचा आणि रात्री जेवताना मनोहर त्याचा अर्थ सांगायचा. कोणत्या जीपचं काय बिघडलं, कुणाचा गिअर अडकला, कुठला आवाज कशाचा. दुसरा विषय त्याला ठाऊकच नव्हता. कालिंदी वाढता वाढता ऐकायची.

एकाहत्तर सालच्या थंडीत एका सकाळी मनोहर चहाचा कप उचलायला गेला आणि कप हातातून निसटला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. शरच्चंद्र डॉक्टर, त्याच्या जीपगाड्यांचं जुनं गिऱ्हाईक, रोज येऊन बघून जायचे. जीव वाचला, पण तोंडातून शब्द फुटेना. दोन महिन्यांत गॅरेजचा मोठा मिस्त्री गल्लीच्या टोकाला असलेल्या जयप्रकाशच्या गॅरेजात निघून गेला. जाताना जिन्याशी येऊन, बंगाली रिवाजाप्रमाणे वहिनी म्हणून हाक मारत, म्हणाला, "बौदी, रागावू नका. मालकावाचून गॅरेज म्हणजे इंजिनावाचून गाडी." मागे राहिला फक्त निताई. तो पत्रे ठोकणारा. आयुष्यभर पत्र्यावर हातोडी मारून त्याचे कान गेलेले. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. गिअरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

उन्हाळ्यात मनोहरचे थोरले भाऊ श्यामराव कराडहून आले. पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, चार माणसांत शब्दाला वजन होतं. त्यांनी दोन दिवस भावाच्या उशाशी बसून काढले, डोळे पुसले, आणि तिसऱ्या दिवशी मुद्द्यावर आले.

"जयप्रकाश शेड घ्यायला तयार आहे. मी बोललोय त्याच्याशी. विकून टाका आणि दोघं कराडला चला. माडीवरची खोली रिकामी आहे."

"मला विचारलं नाहीत, दादा," कालिंदी म्हणाली.

"तुला काय विचारायचं? मनोहरला विचारतो." श्यामराव भावाकडे वळले. "मनोहर, विकायचं ना रे?"

मनोहर आढ्याकडे बघत होता. त्यानं सावकाश मान हलवली. हो.

कालिंदीच्या हातात त्याच्या पेजेची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली. दिरानं विचारलं नाही याचं तिला फारसं वाटलं नाही. पण ज्याच्यासाठी माहेर सोडलं त्यानं तिच्याकडे न बघता मान हलवली, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती अशक्त माणसाची मान होती, हरलेल्या माणसाची होती, हे कळत असूनही लागलं.

"तुम्ही दोघांनी ठरवलंत, तसं मीही ठरवलं," ती म्हणाली. "शेड विकायची नाही."

"मग गॅरेज चालवणार कोण?"

"मी."

श्यामराव हसले. वाईट हेतूनं नव्हे, खरोखरच हसू आलं त्यांना. "अगं, जीपचं एक चाक तरी काढलंयस का कधी?"

"नाही. उद्या काढीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण घट्ट खोचून नेसली, वर मनोहरचा जुना खाकी कोट चढवला आणि जिन्याची शेवटची पायरी ओलांडली. निताई हातोडी हातात धरून बघतच राहिला. कोपऱ्यात एक भंगारातली जीप उभी होती. कालिंदीनं डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. पान्यावर उभी राहिली, तरी हलेना. वर खिडकीतून श्यामराव बघत होते हे तिला पाठीला जाणवत होतं. मग तिला जेवतानाचं एक बोलणं आठवलं. या अमेरिकन जीपचे डावीकडचे नट उलट्या आट्यांचे असतात. नवा पोऱ्या हमखास फसतो. तिनं पाना उलट्या बाजूला लावला आणि पुन्हा वर चढली. नट किंचाळला आणि सुटला. तिनं वर खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. पाचही नट काढले, चाक काढलं, पुन्हा बसवलं, आणि मग तळहाताला आलेले फोड बघत खाली बसली.

त्याच आठवड्यात शरच्चंद्र डॉक्टर मनोहरला बघायला आले ते चालत.

"जीप कुठे, डाक्तारबाबू?" कालिंदीनं बंगालीत विचारलं.

"जयप्रकाशच्या दारात. मागून हंबरडा फोडते आहे." डॉक्टर दमलेले होते. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते, आणि ते एका सेवासंस्थेच्या जीपमधून औषधं, सलाईनच्या बाटल्या घेऊन बनगावच्या बाजूच्या छावण्यांत जात होते. तिकडे छावण्यांपर्यंत रस्ते नव्हते, शेतं आणि चिखल होता. जीपवाचून दुसरं काही पोचत नव्हतं. "तो म्हणतो, मागचा अख्खा ॲक्सल बदलावा लागेल, महिना लागेल. महिन्याभरात तिकडे काय होईल, बौदी, मला विचारू नका."

"इथे आणा," कालिंदी म्हणाली.

"इथे कोण करणार?"

"इथे गॅरेज आहे, डाक्तारबाबू. वरची पाटी अजून काढलेली नाही."

डॉक्टरांनी मनोहरकडे बघितलं. मनोहरनं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांपाशी दुसरा उपाय नव्हता. संध्याकाळी निताईनं आणि चार हमालांनी ती जीप ढकलत आणली. श्यामरावांनी कपाळावर हात मारला. "अगं, हा पोरखेळ नाही! रस्त्यात चाकं अडकली तर माणसं मरतील!"

"म्हणूनच नीट करणार आहे," ती म्हणाली.

जीपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाकडून आलेला दांडा आत एका लहान दात्यांच्या चाकाला, पिनियनला, फिरवतो. पिनियन मोठ्या चाकाला, क्राऊनला, फिरवतो. आणि तिथून फिरकी दोन्ही चाकांना वाटली जाते. वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी, ती वाटणी याच गोळ्यात होते. कालिंदीनं हे शेकडो वेळा ऐकलं होतं. बघितलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. तेल काढलं, तर तेलाबरोबर लोखंडाचे चमकते तुकडे पडले. दोन्ही बाजूंचे दांडे ओढून काढले. झाकण उघडलं, तर क्राऊनचे दोन दात उडालेले आणि पिनियन एका बाजूनं खाल्लेला. आतली, बेअरिंगं धरून ठेवणारी टोपणं काढण्याआधी तिनं डाव्या टोपणावर एक आणि उजव्यावर दोन ठिपके ठोकले. उजव्याचं डावीकडे गेलं तर घात होतो, हेही जेवतानाच ऐकलेलं.

नवी जोडी आणायला ती मल्लिक बाजारात गेली. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची ती दुकानं. तिथे बाई म्हणून कुणी पायही ठेवत नसे. एका दुकानदारानं एक क्राऊन आणि एक पिनियन कागदात गुंडाळून पुढे सरकवला. कालिंदीनं कागद सोडला. दोन्हींवर कोरलेले आकडे बघितले.

"हा क्राऊन एका जोडीचा आहे, पिनियन दुसरीचा."

"काय फरक पडतो, दीदी? मापाचेच आहेत. मिस्त्रीला द्या, तो बसवील."

"क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. ही जोडी बसवली तर गाडी आयुष्यभर रडेल." तिनं पुडकं परत सरकवलं. "मिस्त्री मीच आहे. खरी जोडी काढा, नाहीतर मी शेजारच्या दुकानात चालले."

आजूबाजूची माणसं गोळा झाली. कुणी हसलं, कुणी शीळ घातली. ती उभीच राहिली, हनुवटी वर. शेवटी दुकानदारानं मागच्या फडताळातून एकाच आकड्याची जोडी काढली आणि आपटल्यासारखी समोर ठेवली.

बसवणं म्हणजे खरी परीक्षा होती. पिनियन किती आत आणि क्राऊन किती डावी-उजवीकडे, हे बेअरिंगच्या मागे बसवलेल्या पातळ पत्र्यांवर ठरतं. कागदासारख्या पत्र्या. एक इकडची तिकडे झाली की सगळं गणित बदलतं. कालिंदीनं जुन्या पत्र्या होत्या तशाच घातल्या. गोळा जागेवर घट्ट बसवायला निताई कामी आला. पत्र्याला पोचा न पडू देता ठोकायचं कसब त्याच्या हातात होतं. त्यानं लाकडी हातोड्यानं असा हळुवार बसवला, की जणू पाळण्यात मूल ठेवतोय. झाकण लावलं, तेल भरलं.

गाडी चालवायला कालिंदी लग्नानंतर मनोहरकडूनच शिकली होती. त्याच्या नियमात रस्ता बसत नव्हता. तिनं जीप गल्लीबाहेर काढली. कोपऱ्यापर्यंत ठीक. मग वेग घेतला आणि मागून असा हंबरडा उठला, की पानवाला दुकानाबाहेर आला. जयप्रकाश आपल्या गॅरेजच्या दारात उभा होता. "भाभीजी," तो हिंदीत ओरडला, "गाय विकत घेतली की काय?" त्याच्या माणसांत हशा पिकला. जुना मोठा मिस्त्री तेवढा खाली बघत राहिला.

ती परत आली. श्यामराव जिन्यावर उभे होते. "झालं समाधान? आता तरी ऐक."

कालिंदीनं पाना उचलला. एवढ्यात वरून धाड धाड आवाज यायला लागला. मनोहर डाव्या हातानं पलंगाची कड बडवत होता. ती धावत वर गेली. त्याचा चेहरा लाल झाला होता, तोंडातून नुसता घोगरा आवाज निघत होता, डोळे आग ओकत होते. कालिंदीला एकच अर्थ लागला: थांब. पुरे कर हा तमाशा.

"मी थांबणार नाही," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली. "अहो, तुम्ही मान हलवलीत, मी नाही हलवली! मला नाही म्हणायचं असेल तर खाली या आणि तिथे म्हणा. भिंतीकडे बघून नाही!"

ती बाहेर आली आणि निताईच्या कानाशी जाऊन ओरडली, "मालकांना खुर्चीसकट खाली आण!"

निताईनं आणि, काय करणार, श्यामरावांनीही हात लावून मनोहरला खुर्चीत घालून खाली आणलं. आजारी पडल्यापासून तो पहिल्यांदाच गॅरेजात येत होता. त्यानं शेडचं छप्पर बघितलं, हत्यारांची भिंत बघितली, आणि मग खाकी कोटातल्या आपल्या बायकोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं डावा पाय उचलला, जमिनीवर दाबला आणि तिच्याकडे पाहिलं. मग पाय सोडला आणि पुन्हा पाहिलं. दाबला, सोडला.

मग कालिंदीच्या लक्षात आलं. तो थांब म्हणत नव्हता. तो विचारत होता, गाडी कधी रडते? वेग घेताना, की पाय उचलल्यावर?

"दाबल्यावर," ती हळूच म्हणाली. "सोडल्यावर नाही."

मनोहरनं झाकणाकडे बोट केलं. उघड.

तिनं उघडलं. यावेळी तिला जे सुचलं नव्हतं ते त्यानं मागितलं: त्यानं हवेत बोटानं कपाळावर टिळा लावल्यासारखं केलं. श्यामराव गोंधळले. "देवाचं काही करायचंय का?" पण कालिंदीला समजलं. शेंदूर! तेलात कालवून क्राऊनच्या दातांना फासायचा आणि चाक फिरवायचं. पिनियन जिथे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. समोरच्या रंगवाल्याकडून निताई पुडी घेऊन आला. फासला, फिरवला. खूण दातांच्या अगदी टोकाला उमटली होती. यायला हवी होती मधोमध. म्हणजे पिनियन दूर राहिला होता.

पुन्हा सगळं बाहेर. पिनियनच्या मागे एक पत्री वाढवली. आता खूण खाली सरकली, पण दोन्ही चाकं एकमेकांत आवळली. पिनियन पक्का धरून क्राऊन हलवला, की किंचित खटका लागायला हवा, वहीची दोन पानं मावतील एवढा. इथे खटका नव्हताच. एक पत्री डावीकडून काढून उजवीकडे घातली. खटका आला, जरा जास्तच. पुन्हा काढलं. घामानं तिचा कोट पाठीला चिकटला, बोटांची सालटी गेली. मनोहर खुर्चीत ताठ बसून बघत होता, आणि चुकलं की डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी खूण मधोमध आली.

मनोहरला तिनं आपल्या उजवीकडच्या सीटवर धोतरानं बांधून बसवलं आणि जीप बाहेर काढली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे त्याचा चांगला हात तिच्या बाजूला. सियालदहच्या गर्दीतून निघून ती मोकळ्या रस्त्याला लागली. वेग घेतला. आवाज नाही. कालिंदीला हसू आवरेना. "ऐकलंत? गप्प आहे!"

मनोहरनं तिच्या दंडावर थाप मारली. सोड पाय. तिनं सोडला. त्यानं डोळे मिटले, कान मागे लावला आणि मान हलवली. नाही.

"मला काहीच ऐकू येत नाही!"

नाही.

"अहो, एवढं चालतं! डॉक्टर वाट बघताहेत, बनगावला माणसं मरताहेत!"

मनोहरनं तिच्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा मान हलवली. ती मान हरलेल्या माणसाची नव्हती. कालिंदीला राग आला, संताप संताप झाला, आणि त्या संतापातच तिला एकाएकी भरून आलं. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस पुन्हा हट्टाला पेटला होता. तिनं रस्त्याच्या कडेला जीप थांबवली, डोळे कोटाच्या बाहीला पुसले आणि गाडी वळवली.

पुन्हा उघडलं, तेव्हा कळलं, पिनियनचं बेअरिंग कसताना एक पत्री जास्त पडली होती. तिनं ती काढून बेअरिंग पुन्हा कसलं, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्यानं गेली. पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला. मनोहरनं मान हलवली नाही, थाप मारली नाही. त्यानं नुसता हात सीटवर ठेवला आणि बाहेर ट्रामकडे बघत बसला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पहाटे जीप घेऊन गेले. पुढे पावसाळाभर त्या चिखलात ती गाडी जात-येत राहिली. मागचा ॲक्सल पुन्हा उघडावा लागला नाही.

श्यामराव शेड न विकताच परतले. त्यांचं मत काही बदललं नव्हतं. "तू चुकतेस," ते निघताना म्हणाले, "पण तुझ्याशी बोलून उपयोग नाही." कलकत्त्याच्या मराठी मंडळींतही कुजबुज झालीच. हळदीकुंकवाला एका बाईनं तिच्या नखांतल्या काळ्या रेघा बघून नाक मुरडलं, तर कालिंदीनं दुसरा हातही पुढे केला, "हाही बघा." धंदा लगेच काही धावला नाही. गिऱ्हाईक यायचं, शेडमध्ये डोकावून विचारायचं, मिस्त्री कुठे आहे? ती म्हणायची, समोर. निम्मी माणसं तिथूनच परत जायची. जी थांबली ती पुन्हा आली. चहामळ्यांच्या जीप आल्या, जंगलखात्यातल्या बाबूंच्या आल्या. मागचा ॲक्सल रडला की एंटालीला न्यावा, असं ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगायला लागले. मनोहर रोज खुर्चीत बसून ऐकायचा. हळूहळू त्याच्या तोंडून दोन-तीन शब्द निघायला लागले. पहिला शब्द "हात" किंवा "पाणी" नव्हता. निताईला उद्देशून एक सणसणीत शिवी होती, आणि बहिऱ्या निताईलाही ती ऐकू गेली.

मनोहर पंचाहत्तर साली गेला. तेराव्याला श्यामराव आले होते, आता केस पूर्ण पांढरे. जेवणं आटोपल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला. आता कोणासाठी? नवऱ्याचं निमित्त होतं, तेही संपलं. बाईमाणसानं एकटीनं परमुलखात काय म्हणून राहायचं?

"परमुलूख तुमचा, दादा," कालिंदी म्हणाली. "मी इथेच जन्मले."

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. टॅक्सी दारात उभी राहिली तेव्हा कालिंदी एका जीपखाली होती. चहामळ्याची गाडी, त्याच दिवशी द्यायची. ती बाहेर आली आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात लांब धरून नमस्काराला खाली वाकली.

"अगं, हात तरी धुवून ये," श्यामराव म्हणाले. "तेरा दिवस कालच संपले."

"धुतले तर पुन्हा काळे करावे लागतील, दादा. अर्धं काम व्हायचंय."

श्यामरावांनी पिशवी उचलली. टॅक्सीत बसले, आणि टॅक्सी वळेपर्यंत काचेतून मागे बघत राहिले. कालिंदी तोवर जीपखाली गेली होती.